माजघराचा फोटो का सापडत नाही? घरातल्या प्रकाशाचा इतिहास आणि संशोधनाची पद्धत

आज जगात शिल्लक असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ऑगस्ट १८३५ मधली आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट या इंग्रज संशोधकाने ती लॅकॉक ॲबी या स्वतःच्या घरात काढली. जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद. त्यावर दिसते एक खिडकी आणि तिच्या तावदानांची जाळी. खोली दिसत नाही, भिंत दिसत नाही, एखादी खुर्चीसुद्धा नाही. कॅमेरा घरात होता, पण घर फोटोत आलं नाही. खिडकीत उजेड होता, म्हणून खिडकी आली.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं. घर, कुटुंब, स्त्रियांचं श्रम, जात, वास्तुरचना अशा विषयांवर संशोधन करायचं ठरवलं की आपण जुने फोटो गोळा करायला लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा घेतला तरी लगेच जाणवतं की मंदिरं, किल्ले, स्टेशनं, ओटीवर बसलेली पुरुष मंडळी, स्टुडिओतली जोडपी हे सगळं सापडतं. माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली मात्र अगदी विरळ. मग प्रबंधाच्या आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: ‘या जागांना त्या काळी महत्त्व नव्हतं, म्हणून त्यांचे फोटो काढले गेले नाहीत.’

हे वाक्य खरं असू शकतं. पण ते सिद्ध झालेलं नाही. कारण फोटो अस्तित्वात येण्याआधी तीन चाळण्यांतून जावा लागतो: प्रकाश, पैसा आणि परवानगी. कोणत्या चाळणीत तो अडला हे ठरवल्याशिवाय ‘महत्त्व नव्हतं’ असं म्हणता येत नाही. यातली प्रकाशाची चाळणी मोजता येते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

आधी थोडं गणित

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कामात होते. त्यांचे बंधू नारायण दाजी हे डॉक्टर होते आणि त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकारही. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिकडे रेल्वे १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोचली होती. म्हणजे कॅमेरा होता, शिकलेली माणसं होती, आणि सामान लादून कल्याणला उतरायची सोयही होती.

अडचण काचेत होती. त्या काळात चालणारी पद्धत म्हणजे ओल्या कोलोडियनची, फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली जाहीर केलेली. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच धुवायचा. हातात साधारण दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी.

आता ढोबळ हिशेब करून बघू. भर दुपारचं ऊन म्हणजे सुमारे १,००,००० लक्स. ओल्या कोलोडियनची संवेदनशीलता आजच्या मापात साधारण १ आयएसओ धरू. एफ-८ ॲपर्चरवर उन्हातला फोटो पाव सेकंदाच्या आसपास निघेल. माजघरात, दार उघडं ठेवून, २० लक्स उजेड आहे असं समजा. तो उन्हाच्या ५,००० पट कमी झाला. म्हणजे पाव सेकंदाचे झाले १,२५० सेकंद, वीस मिनिटांहून जास्त. काच तोवर सुकून गेलेली असणार! ॲपर्चर आणखी उघडलं तर वेळ कमी होतो, पण मग जवळचं आणि लांबचं एकदम फोकसमध्ये राहत नाही. आणि इतका वेळ माणूस हलायचा कसा थांबणार?

यात आणखी एक मेख आहे. कोलोडियनला मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच ‘दिसतो’. समईचा किंवा पणतीचा उजेड पिवळा-तांबडा, त्यात निळा भाग फार थोडा. त्यामुळे डोळ्यांना पुरेशी वाटणारी समई त्या काचेच्या दृष्टीने जवळजवळ विझलेलीच. मातीच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन निळा प्रकाश शोषून घेतात. चुन्याची भिंत आलेला बराचसा उजेड परत फेकते, पण चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत काहीच परत देत नाही. म्हणजे घरातली फोटोसाठी सगळ्यात अवघड जागा नेमकी स्वयंपाकघर. कौलांत एखादं काचेचं कौल बसवलेलं असलं तर खाली उन्हाचा एक कवडसा पडतो, पण त्याने प्रश्न सुटण्याऐवजी वाढतो: कवडसा पांढराफटक आणि भोवतालचं सगळं काळं.

थोडक्यात, १८५० ते १८८० या काळात कल्याणच्या एखाद्या वाड्यातल्या माजघराचा फोटो नसण्याचं मोठं कारण भौतिकशास्त्रातच सापडतं. या काळातल्या फोटोंच्या अभावावरून समाजाबद्दल निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यावा.

पण अंधार हे पूर्ण उत्तर नाही

इथे थांबलो तर दुसरी चूक होईल. कारण ज्यांना अंधाऱ्या जागेचा फोटो हवाच होता, त्यांनी तो त्याच काळात मिळवला. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याला चित्रांच्या प्रती करायला आला आणि पुढे तिथेच कॅमेरा वापरू लागला. त्याने काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने छापले गेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्सने मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडात फोटो काढले. मॅग्नेशियमच्या ज्वालेत निळा भाग भरपूर, त्यामुळे कोलोडियनला ती चांगलीच मानवते. १८६५ साली चार्ल्स पियाझी स्मिथ याने हाच उजेड नेऊन गिझाच्या पिरॅमिडच्या आत फोटो घेतले.

म्हणजे पिरॅमिडच्या पोटात उजेड नेता येत होता, तसा तो माजघरातही नेता आला असता. खर्च कोण करणार आणि कशासाठी, हा प्रश्न होता. पुराण्या वास्तूंच्या अभ्यासामागे सरकार आणि विद्वानांच्या संस्था होत्या. घराच्या आतल्या खोलीला असा आश्रयदाता नव्हता. ही झाली दुसरी चाळणी, पैशाची.

माणसांचे फोटो हवे होते तेव्हा काय केलं गेलं? मुंबईच्या विल्यम जॉन्सनने इथल्या वेगवेगळ्या जमातींच्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली काढले. त्यातल्या बऱ्याच फोटोंत माणसं एका ठिकाणी टिपून दुसऱ्याच एखाद्या दृश्यावर जोडलेली आहेत. माणूस खरा, पार्श्वभूमीही खरी, पण तो माणूस तिथे उभा नव्हता. असा फोटो ‘राहणीमानाचा पुरावा’ म्हणून वापरला तर संशोधन पहिल्याच पायरीवर घसरतं.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी घ्या. त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातला, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासोबतचा. त्यांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो अशा मांडून-बसवून काढलेल्या फोटोंमुळे. त्या ज्या प्रकारच्या घरात वाढल्या, त्या घराची रोजची रचना मात्र आपण शब्दांतूनच ओळखतो: काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र, पत्रं, किंवा १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधली घरांची आणि घरसामानाची वर्णनं. संशोधकाला यातून एक साधा धडा मिळतो. ज्या काळात फोटो गप्प आहे, त्या काळात मजकूर बोलतो. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

उजेड कोण घेऊन आलं आणि कुणाला विचारून?

१८८० च्या आसपास चित्र बदललं. जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या आणि ‘काच सुकेल’ ही घाई संपली. १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहान्स गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅश पावडर तयार केली. पेटवली की एका क्षणात लख्ख उजेड. मागोमाग खोलीभर पांढरा धूर, त्यामुळे दुसरा फोटो लगेच घ्यायची सोय नाही. शिवाय आग लागायची भीती.

या पावडरीचा सगळ्यात गाजलेला वापर घरांच्या आतच झाला. न्यूयॉर्कमधला पोलिस-वार्ताहर जेकब रीस याने गरीब स्थलांतरितांच्या खोल्यांत रात्री शिरून फोटो घेतले आणि १८९० साली ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक काढलं. त्या फोटोंमुळे घरसुधारणेच्या मागणीला बळ मिळालं, हे खरं. पण झोपेतून दचकून उठलेल्या माणसांचे डोळेही त्याच फोटोंत आहेत. फ्लॅश पेटवताना आपण दोनदा घराला आग लावली, हे रीसने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तिसरी चाळणी, म्हणजे परवानगी, त्याने बाजूला सारली. म्हणून त्याला फोटो मिळाले.

आपल्याकडे याच सुमारास प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि तपासणीची पथकं थेट लोकांच्या घरात शिरू लागली. अंधार आणि कोंदटपणा हेच रोगाचं घर, अशी तेव्हाची समजूत. म्हणून खोल्यांत उजेड यावा यासाठी छपरांची कौलं उतरवली गेली आणि घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ असे शिक्के बसले. पुण्यात या घरझडत्यांवरून असंतोष पेटला आणि जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

म्हणजे ज्या खोलीत छायाचित्रकार पाऊल टाकू शकत नव्हता, तिथे सरकार कौलं काढून उजेड आत सोडत होतं. मुंबईच्या प्लेगचे फोटोंचे अल्बम आज उपलब्ध आहेत. त्यात रस्ते, पथकं, बंब, इस्पितळं ठळकपणे दिसतात. घराचं आतलं जग मात्र बहुतेक उंबऱ्यापाशीच संपतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रकाशाची चाळणी बरीच सैल झाली होती, तरीही हे असंच. कारण सोवळं होतं. जातीनुसार कुणी अंगणात थांबायचं, कुणी ओटीपर्यंत यायचं, कुणी माजघरात शिरायचं, हे ठरलेलं होतं. परक्या पुरुषाने तिवई, पेटी आणि स्फोटक पावडर घेऊन चुलीपाशी जाणं हे बहुतेक घरांत अशक्यच.

प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घरातला उजेड हा नगररचनेचा विषय बनला. ट्रस्टच्या ६३.५ अंशांच्या नियमावर तिथे बराच खल झाला. विज्ञानशाखेच्या वाचकांनी कॅल्क्युलेटर काढावा: ६३.५ अंशांचा टॅन जवळजवळ २ येतो. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीत राहावी, तर खालच्या खोलीला आभाळ दिसेल. पुढे ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांमधल्या उजेड आणि हवेवर स्वतंत्र व्याख्यान दिलं. चाळीच्या खोलीचा जुना फोटो हातात आला तर ‘समोर किती अंतरावर काय होतं’ हेही विचारायला हवं, ते याचमुळे.

सेटवर बांधलेलं घर

यानंतर घराच्या आतला प्रकाश कसा हाताळायचा याचे धडे सिनेमाने दिले. दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफर आणि छपाईचे जाणकार. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादरला सेट लावला तो सूर्यप्रकाशात. राजवाड्याची आतली खोली, पण उजेड वरच्या आभाळाचा. दहा वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम दिवे वापरले. भारतीय सिनेमातल्या अशा सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

पण घरातल्या उजेडाचं खरं कोडं सोडवलं ते सुब्रत मित्र यांनी. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) मध्ये बनारसचं घर आणि त्याचा चौक कोलकात्यातल्या स्टुडिओत उभारला होता. खऱ्या चौकात वरून आभाळाचा उजेड झिरपतो, त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओचे दिवे थेट मारले की प्रत्येक वस्तूच्या दोन-तीन सावल्या पडतात आणि नकलीपणा उघडा पडतो. मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला उजेड आभाळासारखा खाली पसरला. याला बाऊन्स लाइटिंग म्हणतात. तत्त्व सोपं आहे: उजेडाचा स्रोत आकाराने जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ. आजही घरात फोटो काढताना फ्लॅशगनचं तोंड छताकडे वळवतात, त्यामागे हेच तत्त्व.

आपल्या वाड्यांनाही चौक होते, हे लक्षात घ्या. चौकातून येणारा तो मऊ उजेड वाड्यात राहणाऱ्यांना रोजचा होता. फोटोंत मात्र तो क्वचितच उतरला.

पार्श्वभूमीत सापडणारं घर

विजेची गोष्ट आपल्या परिसराशी थेट जोडलेली आहे. डोंबिवली आणि कल्याणच्या मधल्या ठाकुर्लीला जीआयपी रेल्वेने १९२९ साली चोळे वीजकेंद्र उभारलं. ते होतं आगगाड्या चालवण्यासाठी. केंद्र दाराशी आलं म्हणून आसपासच्या घरांतले कंदील लगेच विझले, असं गृहीत धरू नये. ‘वीज आली’ हे वाक्य प्रबंधात लिहिताना गावात, गल्लीत की खोलीत, हे तीन वेगळे प्रश्न समजा.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत बिऱ्हाड अशी लाखो कुटुंबं इथे वसली. बडोद्यात बनलेले आग्फा क्लिक-३ सारखे साधे कॅमेरे घरांत आले. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ फिल्मा आल्या. क्लिक-३ उन्हात ठीक चालायचा, घरात अडायचा. त्यामुळे घरातला फोटो म्हणजे फोटोग्राफर बोलावून फ्लॅशगनने काढलेला, आणि तोही निमित्ताने: बारसं, मुंज, डोहाळजेवण, गौरी-गणपती. ऐंशीच्या दशकात फ्लॅश बसवलेला हॉट शॉट कॅमेरा आला आणि निमित्ताशिवायही फोटो निघू लागले.

गंमत अशी की यातल्या एकाही फोटोचा विषय घर नाही. विषय आहे गणपती किंवा बाळ. घर मागे उभं आहे. मखराच्या कडेला फळीवरचे डबे दिसतात, मोरीचा पडदा दिसतो, भिंतीवरचं कालनिर्णय दिसतं. (कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं. पान वाचता आलं तर फोटोचा महिनाच हाती लागतो.) पुढच्या इतिहासकारासाठी ही मागची चार इंच जागा सोन्यासारखी आहे.

पण फ्लॅशला स्वतःची सवय असते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. फ्लॅशपासून १ मीटरवरच्या चेहऱ्याला जितका उजेड मिळतो, त्याच्या सोळावा भाग ४ मीटरवरच्या भिंतीला. म्हणून पुढची माणसं पांढरी आणि मागची खोली काळोखात. असा फोटो बघून ‘घर अंधारं होतं’ असं लिहू नका. तो काळोख फ्लॅशने तयार केला आहे.

रंगीत फोटोंत आणखी खुणा सापडतात. ट्यूबलाइटच्या उजेडात पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा जोरदार असते. डोळा ती सांभाळून घेतो, उन्हासाठी बनवलेली फिल्म नाही घेत. म्हणून ट्यूबखालचा फोटो हिरवट, पिवळ्या बल्बखालचा नारिंगी, फ्लॅशचा साधारण उन्हासारखा. मात्र जुन्या प्रिंटचे रंग उडूनही छटा बदलते. फरक असा ओळखावा: उडालेला रंग सगळ्या फोटोभर सारखा पसरतो, दिव्याची छटा दिव्याजवळ गडद आणि लांब फिकट होत जाते.

सॅम्पल फ्लॅटचा उजेड

आज परिस्थिती अगदी उलटी झाली आहे. घोडबंदर रोड, कल्याण-शीळ रस्ता, कुठेही बघा, घराच्या आतल्या फोटोंचा पूर आहे. तिन्ही चाळण्या सुटल्या. मग आता तरी घर दिसतं का?

जाहिरातीचा फोटो असा तयार होतो. कॅमेरा तिवईवर, लेन्स वाइड. एकाच जागेवरून कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन ते सात फोटो. खिडकीबाहेरचं दृश्य एका फोटोतून, खोलीची भिंत दुसऱ्यातून, आणि छतावर मारलेल्या फ्लॅशचा एखादा फोटो रंग नीट यावेत म्हणून. मग सगळं एकत्र. कल्पना जुनीच आहे. गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हमधून आणि ढग दुसरीतून घेत असे. त्याला गणिती पाया पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांच्या १९९७ च्या शोधनिबंधाने दिला. मोबाइलमधला एचडीआर याच कुळातला.

अशा फोटोत खिडकीतलं ऊन आणि कोपऱ्यातलं कपाट सारख्याच उजेडात दिसतात. सकाळ आहे की संध्याकाळ, खिडकी पूर्वेची की समोरच्या टॉवरच्या सावलीतली, काहीच कळत नाही. टॅलबॉटच्या कागदावर खोली नव्हती, पण उजेड कुठून येतोय ते अगदी स्पष्ट होतं. सॅम्पल फ्लॅटच्या फोटोत खोली पूर्ण आहे आणि उजेडाचा पत्ता नाही. पन्नास वर्षांनी कुणी या फोटोंवरून २०२० च्या दशकातली ठाण्याची घरं अभ्यासली, तर सगळी घरं लख्ख होती असाच निष्कर्ष निघेल. दुपारी बारा वाजता ट्यूब लावून भाजी चिरणारी बाई त्यात कुठेच नसेल.

आणि हे आत्ताच महत्त्वाचं आहे. ठाण्यात किसननगरसारख्या भागात क्लस्टर योजनेखाली जुन्या इमारती जाणार आहेत. डोंबिवली-कल्याणात चाळी आणि वाडे एकेक करून पुनर्विकासाला लागलेत. राहणाऱ्यांना चांगली घरं मिळायलाच हवीत. पण ते आधी कशा उजेडात राहत होते याची नोंद राहिली नाही, तर ‘सुधारणा झाली का’ हा प्रश्न पुढे मोजूनच बघता येणार नाही.

फोटो वाचताना आणि काढताना

जुना फोटो हातात आला की विषयाकडे बघण्याआधी प्रकाश वाचा. पितळी किंवा स्टीलच्या भांड्यावरची चमक पाहा: चौकोनी असेल तर खिडकी, लांब पट्टी असेल तर ट्यूब, बारीक ठिपका असेल तर बल्ब किंवा फ्लॅश. तसबिरीच्या काचेवर पांढरा डाग असेल तर फ्लॅश समोरून आहे. सावलीची कड धारदार की मऊ, मागची भिंत दिसते की बुडते, हे टिपून ठेवा. मग तीन चाळण्यांचे प्रश्न विचारा: त्या साली या खोलीचा फोटो तांत्रिकदृष्ट्या शक्य होता का, खर्च कुणी केला, आणि आत यायला कुणी हो म्हटलं?

स्वतः घरांची नोंद करायला जाणार असाल तर ही पद्धत उपयोगी पडेल.

१. पहिला फोटो आहे त्या उजेडात, तिवईवर, काहीही न हलवता. दिवे रोज त्या वेळी जसे असतात तसेच. एचडीआर बंद.

२. तिथेच लक्समीटरने तीन जागी मोजणी: खिडकीपाशी, खोलीच्या मध्ये, आणि काम जिथे चालतं तिथे (ओटा, शिलाई मशीन, अभ्यासाची जागा). वेळ, महिना, खिडकीची दिशा आणि समोरच्या इमारतीचं अंतर लिहा.

३. दुसरा फोटो छतावरून किंवा पांढऱ्या चादरीवरून फ्लॅश बाऊन्स करून. यात वस्तूंचे तपशील मिळतील. पहिला फोटो उजेडाचा पुरावा, दुसरा सामानाचा. दोन्हींची सरमिसळ करू नका.

४. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब आणि काही स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, किंवा त्याहून सावकाश. नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात.

५. एका फोटोत राखाडी कार्ड ठेवा. एलईडीच्या पाकिटावरचा सीआरआय नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. तो आकडा ८ फिकट रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात नसतो. कुंकू, वीट, तांब्याची घागर मळकट दिसली तर दोष वस्तूचा समजू नका.

६. परवानगी घरमालकाची घेऊन थांबू नका. स्वयंपाकघरात जी काम करते तिला वेगळं विचारा, फोटो तिथल्या तिथे दाखवा, नको म्हणाली तर पुसून टाका. छापील प्रत नंतर नेऊन द्या. नकार मिळाला तर ‘नकार’ अशी नोंद करा. पुढे कुणाला हा फोटो का नाही असा प्रश्न पडला, तर त्याला निदान उत्तर तरी सापडेल.

सुरुवात करायला मोठी साधनं लागत नाहीत. घरातल्या किंवा ओळखीच्यांकडच्या अल्बममधले १९९० च्या आधीचे पाच फोटो घ्या. प्रत्येकात प्रकाश कुठून आला ते लिहा. मग त्या घराचा साधा नकाशा काढा आणि पाचही फोटो कोणत्या खोलीतले आहेत त्यावर खूण करा. ज्या खोल्यांवर एकही खूण पडणार नाही, त्यांची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा: प्रकाश, पैसा की परवानगी. घरातल्या वयस्कर बाईला विचारल्याशिवाय तो तिसरा रकाना भरता येणार नाही, आणि तुमची पहिली मुलाखत तिथेच सुरू होईल.